झाकण धड्यात होतं का?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. फराळाच्या डब्यांनी तळ गाठलेला, चकल्या मऊ पडलेल्या, आणि माझी आठवीतली भाची माजघरातल्या पलंगावर पालथी पडून सुट्टीतला अभ्यास करत होती. चाळीसगावच्या आमच्या घरात अभ्यासाची जागा हीच. चाळीस वर्षांपूर्वी मीही तिथेच पालथी पडायचे, तेव्हा फक्त पलंगाऐवजी सतरंजी होती. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. तिने वही माझ्याकडे सरकवली. ५क्ष − ७ = ३क्ष + ९. (तिच्या पुस्तकात ‘एक्स’ आहे, पण माझ्या तोंडात क्ष बसलाय तो बसलाय. मी क्षच लिहिणार.) “आत्या, हा वजा सात तिकडे गेला की अधिक सात होतो ना?” मी म्हटलं, हो. “का?” मी म्हटलं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. “ते माहितीये गं. पण का बदलतं? बरोबरच्या चिन्हावरून जाताना त्याला काय होतं?” मी एक दाणा तोंडात टाकला, दोन दाणे सुपात टाकले, आणि म्हटलं, “नियम आहे तो. पाठ कर, सुटतात उदाहरणं.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने ५क्ष − ३क्ष = ९ + ७ लिहिलं, त्याखाली २क्ष = १६, त्याखाली क्ष = ८, आणि पान उलटलं.

उत्तर बरोबर होतं.

तेव्हा विषय तिथेच मिटायला हवा होता. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि ते ‘पाठ कर’ कानात घुमायला लागलं. आवाज माझा, शब्द मात्र आमच्या सातवीतल्या गणिताच्या सरांचे. सर तसे वाईट नव्हते. पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि हाताला खडू इतका बसलेला की ते सायकलवरून घरी निघाले तरी मुठीचे पांढरे ठसे दांड्यावर राहायचे. वर्गात आम्ही साठेक पोरं, वर पत्रे. पाऊस लागला की सरांचं बोलणं ऐकूच यायचं नाही, मग ते फळ्याकडे तोंड करून नुसतं लिहीत सुटायचे. ऊन असलं की म्हणायचे, “बाजू बदलली?” आणि देवळात ‘पुंडलिक वरदे’ झाल्यावर बाकीच्यांनी ‘हारि विठ्ठल’ म्हणावं तसा आख्खा वर्ग ओरडायचा, “चिन्ह बदललं!” का बदललं, असं कुणी विचारलं नाही. मला तरी तेव्हा हा प्रश्न पडला होता, असं लिहायचा मोह होतोय, पण खोटं कशाला लिहा. नव्हता पडला. ओरडायला मजा यायची एवढंच.

सर रोज वीस समीकरणं द्यायचे. शाळा सुटली की दप्तर घेऊन मी थेट दुकानात. अण्णांचं किराणा दुकान आतल्या गल्लीत होतं. गल्ल्यामागे गुळाच्या भेल्या रचलेल्या असायच्या, त्यांच्यात आणि भिंतीत एका पोरीपुरती फट. तिथे तांदळाच्या गोणीवर वही ठेवून मी बसायचे. गोणपाटाचे ठसे पानावर उमटायचे, त्यामुळे माझी समीकरणं कायम खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी दिसायची. मिरची, हिंग, गूळ आणि शेंगदाण्याचं तेल यांचा मिळून जो वास होतो तो आजही कुठे आला तर मला आधी समीकरणं आठवतात, मग अण्णा. धुळ्याच्या पॅसेंजरची शिट्टी ऐकू यायची तोवर दहा झालेली असायची. लाईट गेली की अण्णा कंदील गल्ल्यावर ठेवायचे, आणि माझ्या वाट्याला त्याचा अर्धाच उजेड यायचा. उरलेली दहा मी त्या अर्ध्या उजेडात सोडवायचे.

आणि मला ते आवडायचं. हे कबूल करायला आता जरा लाज वाटते, कारण घोकंपट्टीला नावं ठेवायची आजकाल पद्धत आहे. मीही ठेवते. पण संध्याकाळच्या त्या वीस समीकरणांत काहीतरी होतं. एक ओळ लिहायची, खाली तीन टिंबं, पुढची ओळ. वरच्या ओळीत गर्दी, खालच्या ओळीत जरा कमी, त्याच्या खालच्या ओळीत अजून कमी, आणि शेवटी क्ष एका बाजूला एकटा. स्वयंपाकघर आवरून ओटा पुसून घेतल्यावर आईचा चेहरा व्हायचा तसं काहीतरी मला व्हायचं. बरोबरची चिन्हं एकाखाली एक यायलाच हवीत, ही सरांची शिस्त. रेघ चुकली की पान फाडायचे. टिंबांचा मात्र माझा घोटाळा होता. वर एक आणि खाली दोन म्हणजे ‘म्हणून’. वर दोन आणि खाली एक म्हणजे ‘कारण’. मी कित्येक दिवस ती उलटी देत होते. म्हणजे माझ्या त्या वहीत पानोपानी कारणंच कारणं होती आणि ‘म्हणून’ एकही नाही. सरांच्याही ते लक्षात आलं नाही.

सहामाहीत एक उदाहरण आलं, सगळ्यात सोपं. ४क्ष = २०. मी लिहिलं, क्ष = २० − ४, म्हणजे १६. लाल शाईची फुली. घरी येईपर्यंत मला कळेना की चुकलं कुठे. चाराच्या मागे काही चिन्ह नाही, म्हणजे तो अधिक चार. बाजू बदलली, चिन्ह बदललं, वजा चार झाला. नियमाच्या बाहेर मी पाऊल ठेवलं नव्हतं. चार क्षला चिकटून बसलाय म्हणजे तो क्षला गुणतोय, त्याला सोडवायचं तर भागावं लागेल, हे कुठेतरी सांगितलेलं असणार; पण ‘चिन्ह बदललं’ हा गजर इतका मोठा होता की त्याखाली ते बुडून गेलं. एकदा १६ घालून बघितलं असतं तर चार सोळे चौसष्ट, वीस कुठून येणार? पण ताळा कोण करतं? ताळ्याला मार्क नव्हते, आणि ताळ्याने वही लवकर संपते असं घरी आईचं मत होतं. संपलेल्या वह्या दुकानातच जायच्या म्हणा. अण्णा पानं फाडून पुड्या बांधायचे. माझी सोडवलेली समीकरणं जिऱ्याबरोबर, मोहरीबरोबर गल्लीभर फिरली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात क्ष = १६ असं लिहिलेल्या कागदात हळद राहिली असेल.

त्याच आठवड्यातली गोष्ट. हे ‘त्याच आठवड्यातली’ मला पक्कं आठवतं, कारण फुली पडलेला पेपर मी गुळाच्या भेलीखाली लपवला होता आणि तो चिकट झाला होता.

तेव्हा तेल सुटं मिळायचं. दुकानात पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, त्याला हातपंप, आणि गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन येणार. कुणाची बरणी, कुणाची बाटली, कुणाची किटली. भांड्याचं वजन तेलात धरायचं नाही, म्हणून आधी धडा करायचा. आता धडा म्हटलं की मुलांना पुस्तकातलाच आठवतो, म्हणून सांगते. रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायचं. दुसऱ्या पारड्यात वजनं, आणि वजनांनी जमेना तर खडे, खिळे, मोडके बिजागर, काय असेल ते टाकत जायचं, काटा सरळ उभा राहीपर्यंत. आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डबीत असा सगळा ऐवज असायचा, तिला धड्याची डबी म्हणायचे. काटा सरळ झाला की अण्णा हात बाजूला घेऊन गिऱ्हाइकाला म्हणायचे, “धडा बघून घ्या.” गिऱ्हाईक मान हलवायचं. मग खड्यांच्या पारड्यात किलोचं वजन चढायचं आणि भांड्यात तेल पडायला लागायचं. आमच्या तराजूच्या डाव्या साखळीला भोकाचा एक जुना पैसा दोऱ्याने बांधलेला होता. तो पासंग. तराजूच्या अंगातच जी थोडी खोट असते ती भरून काढायला. दुकान उघडलं की अण्णा पहिल्यांदा रिकामा काटा सरळ उभा राहतो का ते बघायचे, मग देवाला उदबत्ती.

त्या संध्याकाळी अण्णा गोणी उतरवून घेत होते आणि काट्यावर मी. एक म्हातारी ॲल्युमिनियमची किटली घेऊन आली, अर्धा किलो तेल. मी धडा केला, तिला दाखवला, अर्धा किलोचं वजन चढवलं, किटलीचं झाकण काढून हातात धरलं आणि पंप मारायला लागले. काटा सरळ झाला. तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी तराजूकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. “झाकण धड्यात होतं का?” मी म्हटलं, होतं. “मग आता का नाही?” मी झाकणाकडे बघत राहिले. “या पारड्यातून काढलंस, तर त्या पारड्यातून तेवढंच काढायला नको का?” म्हातारी म्हणाली, राहू द्या हो, पोर आहे. तेल परत डब्यात ओतणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिचं तिला दिलं. ती गेल्यावर तसल्याच एका किटलीचं झाकण त्यांनी मला तोलायला लावलं. वीस-वीसची दोन वजनं लागली. चाळीस ग्रॅम. “आपलं गेलं, त्याचं काही नाही,” अण्णा म्हणाले. “पण धडा झाकणाशिवाय केला असतास आणि तोलताना झाकण ठेवलं असतंस, तर तिचं गेलं असतं. आणि तिला कळलंही नसतं.” तसं मुद्दाम करणारी दुकानं गावात होती, हे मला नंतर समजलं.

या पारड्यातून काढलंस तर त्या पारड्यातून तेवढंच काढ. अण्णांच्या तोंडून हे ऐकताना भेलीखाली माझा पेपर होता, आणि तरी माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. शाळा शाळेच्या जागी, दुकान दुकानाच्या जागी. दोन्हींच्या मध्ये एकच गल्ली होती, ती मी रोज दोनदा ओलांडायचे, पण इकडचं तिकडे नेलं नाही कधी. सरांनी एकदा जरी फळ्यावर तराजू काढला असता तरी मी उडी मारून सांगितलं असतं. आणि सर तर आमचं गिऱ्हाईक होते. दर महिन्याला तेलाची बरणी घेऊन यायचे, धडा बघून मान हलवायचे.

पुढे मी बँकेत लागले. तेव्हा सगळं लेजरवर, हाताने. दिवस संपताना आकडे जुळले नाहीत की घरी जायचं नाही, आणि नव्या माणसाचे हमखास जुळत नसत. एका संध्याकाळी २७ रुपयांचा फरक. आमच्याकडे एक वयस्कर हेडकॅशियर होते, त्यांनी लांबूनच विचारलं, “फरकाला नऊने भाग जातोय का बघा.” जात होता. “मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत.” सापडलं. ८५ च्या जागी ५८. मला ती जादू वाटली. रात्री घरी येऊन व्हाउचरच्या पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. दशकाचा आकडा अ, एककाचा ब. खरी रक्कम १०अ + ब, उलटी पडलेली १०ब + अ. वजा करा. ९अ − ९ब. नऊ बाहेर आला. एवढंच होतं ते. शाळेतली समीकरणं पुढे जन्मात उपयोगी पडत नाहीत, असं म्हणणारे भेटले की मला तो कागद आठवतो. पण त्या वाक्यावर मी वादही घालत नाही, कारण माझ्या हेडकॅशियरांना अ-ब काही न मांडताच नऊची खूण ठाऊक होती. तीस वर्षं त्यांचं भागत होतं. मग मांडायचं कशाला? मला मांडल्याशिवाय झोप आली नसती, एवढंच उत्तर मी देऊ शकते, आणि ती सवय गुळाच्या भेल्यांमागे लागली असावी.

सातवीतच आमची सहल पाटणादेवीला गेली होती. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एसटीत गाण्याच्या भेंड्या, ओढ्यात भिजलेले बूट. देवीचं दर्शन झालं, डोंगराच्या कुशीत जेवणं झाली, आणि भास्कराचार्य इथलेच बरं का, एवढं सांगून सरांनी डबा उघडला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता, त्याबद्दलचा १२०७ सालचा शिलालेख पाटणला आहे, हे मला पस्तिशीनंतर कळलं. ते काय शिकवत असतील हेही तेव्हाच, एका ग्रंथालयात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चं भाषांतर हाताला लागलं म्हणून. ११५० सालचं हे सगळं, म्हणजे छत्तिशीतल्या माणसाने लिहिलेलं. त्यात क्ष नाही. न कळलेल्या संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि नुसता ‘या’ लिहितात. एकाहून जास्त अज्ञातं असली की बाकीच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या, मध्ये बरोबरचं चिन्हच नाही. ते पुष्कळ नंतरचं. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श माणसाने दोन समांतर रेघा काढल्या, का तर यांच्याइतक्या सारख्या दोन वस्तू दुसऱ्या नाहीत. आणि भास्कराचार्यांकडे वजा संख्येच्या डोक्यावर एक टिंब. त्या संख्येला ते म्हणतात ऋण. म्हणजे कर्ज.

ग्रंथालयाच्या थंड फरशीवर बसून मी त्यातलं घोड्यांचं उदाहरण सोडवलं होतं आणि मग विसरून गेले होते. त्या रात्री, भाचीने पान उलटलेल्या रात्री, ते आठवलं. आणखी एक आठवलं. ‘अल्जिब्रा’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला, तो अल्-जब्र. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथाच्या नावात तो वापरला. अर्थ, मोडलेलं सांधणं. हाड बसवण्यालाही हाच शब्द; स्पेनमध्ये हाडवैद्याला ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणायचे. समीकरणात एका बाजूला काही कमी पडलेलं असेल तर ते भरून काढायचं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूलाही घालायचं, याला त्याने जब्र म्हटलं. वजा सातचं नेमकं हेच करायचं असतं. म्हणजे पोरीने विचारला होता तो प्रश्न या आख्ख्या विद्येच्या नावातच होता, आणि मी शेंगा सोलत म्हटलं, पाठ कर.

सकाळी चहा झाल्यावर मी तिला घेऊन दुकानात गेले. आता तिथे भाऊ बसतो. तेल पाकिटातून येतं, काटा इलेक्ट्रॉनिक, गुळाच्या भेल्यांच्या जागी शीतपेयांचा फ्रिज. अण्णांचा तराजू लक्ष्मीपूजनाला माळ्यावरून उतरवतात, त्यामुळे तो अजून खालीच होता, पारड्यांवर वाळलेलं हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी. फडक्याने पुसला, कडीला अडकवला. डाव्या साखळीला भोकाचा पैसा तसाच. काटा सरळ. भाऊ गिऱ्हाईक करता करता बघत होता, काही बोलला नाही.

तिच्या नकळत शेंगदाण्याच्या तीन सारख्या पुड्या मी करून ठेवल्या होत्या. त्या तीन पुड्या आणि पन्नासचं एक वजन डावीकडे, उजवीकडे दोनशे. काटा उभा. “एका पुडीत किती?” तिने वहीत ३क्ष + ५० = २०० लिहिलं, लगेच. मी म्हटलं, लिहू नको, हाताने कर. तिने पन्नासचं वजन उचललं. काटा उजवीकडे झुकला. हातातलं वजन घेऊन ती दोन क्षण उभी राहिली, आणि मी जीभ दाताखाली धरली, कारण सांगून टाकायचा फार मोह होत होता. तिने दोनशे उचललं, त्या जागी शंभर ठेवलं, मग शोधून अजून एक पन्नास. काटा सरळ आला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिकडे काही गेलंच नाही.”

मी म्हटलं, काय?

“पन्नास तिकडे गेलेच नाहीत. हे बघ, माझ्या हातात आहेत. दोन्हीकडून काढले फक्त. मग सगळे ‘तिकडे गेला, तिकडे गेला’ का म्हणतात?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, घाई हे ते उत्तर. वीस उदाहरणं रोज करायची तर मधली ओळ गाळावीच लागते; ३क्ष + ५० − ५० = २०० − ५० ही ओळ गळली की पन्नास इकडून उठून तिकडे बसल्यासारखा दिसतो. मी ते सांगितलं. तिला पटलं असावं, किंवा ऐकूच गेलं नसावं, कारण तिचं पुढचं निघालं होतं. “मग वजा सात पारड्यात कसा ठेवायचा?”

इथे मी अडकले. रात्री अंथरुणात सगळी मांडणी केली होती, पण एवढं राहिलंच होतं. तराजूत वजा सात ठेवता येत नाही. अण्णांच्या धड्याच्या डबीत काय काय होतं, पण उणं वजन नव्हतं. मी फुग्याबिग्याचं काहीतरी बोलायला लागले. तेवढ्यात भाऊ गल्ल्यावरूनच, मान वर न करता, म्हणाला, “उधारी.” त्याच्यापुढे उधारीची वही उघडी होती. दिवाळीनंतरचे दिवस, वसुलीचा काळ. “सात रुपये उधारी आहे, तर सात भरले की खातं निल. त्यात काय एवढं?” आणि भाचीला म्हणाला, “पण त्याला सात दिलेस, तर शेजारच्यालाही सात दे, नाहीतर भांडणं लागतील.”

मग मी तिला घोडे घातले. एकाकडे तीनशे रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर शंभर रुपये कर्ज. सगळे घोडे सारख्याच किमतीचे, आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोडा केवढ्याला? हे उदाहरण साडेआठशे वर्षांपूर्वीचं आहे आणि ते घालणाऱ्याच्या नातवाचा मठ आपल्या पाटणला होता, हेही सांगितलं, पण ते तिने पाटणादेवीची सहल या खात्यात टाकून दिलं. तिने फ्रिजच्या झाकणावर वही ठेवली. ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. पेन तोंडात. मग तिने एक ओळ लिहिली, जी काल लिहिली नव्हती: ६क्ष + ३०० + १०० = १०क्ष − १०० + १००. “याचं कर्ज फेडलं,” ती पुटपुटली, “आणि त्यालाही शंभर दिले.” पुढे ६क्ष + ४०० = १०क्ष. पुढे दोन्हीकडचे सहा-सहा घोडे तिने चक्क बोटाने झाकून पाहिले. ४०० = ४क्ष. मी श्वास धरून होते. इथे मी ४०० − ४ लिहिलं असतं, ३९६ रुपयांचा घोडा. तिने क्ष = १०० लिहिलं आणि म्हणाली, “शंभर रुपयांत घोडा?” मी म्हटलं, तेव्हाचे शंभर.

ताळा कर, असं मी सांगितलं नव्हतं. तिने आपणहूनच वहीच्या कोपऱ्यात केला. सहा घोड्यांचे सहाशे, अधिक तीनशे, नऊशे. दहा घोड्यांचे हजार, वजा शंभर, नऊशे. दोन्ही नऊशेंभोवती तिने एक गोल काढला. मग पेनाचं टोपण लावताना म्हणाली, “सारखे आहेत, पण मला सहा घोडेवालाच व्हायचंय. त्याच्या दारात कुणी मागायला येणार नाही.”

गल्ल्यावर पानं उलटण्याचा आवाज थांबला. भावाने तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि वही मिटून फळीवर ठेवली. एक बाई किलोभर साखर मागत होत्या. भाचीने पुढे होऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्टीलचा रिकामा डबा ठेवला, बटण दाबलं, हिरवे आकडे शून्यावर आले. तिने साखरेत हात घातला, आणि थांबली.

“काकू,” ती म्हणाली, “झाकण आणलंय का बरोबर?”